दोर धरलेला हात

उत्तरेकडच्या बर्फाळ पोस्टवर माझा चौथा महिना होता. सकाळी सात वाजता गस्तीची तुकडी निघाली. एका दोराला तिघे बांधलेले: पुढे नाईक सुखदेव मेश्राम, मध्ये हवालदार म्हणून मी, मागे रेडिओ ऑपरेटर. मेश्राम लाखांदूरकडचा, मी मोहाडीचा. दोघेही भंडारा जिल्ह्यातले, म्हणून तो मला दादा म्हणायचा.

नऊ वाजून दहा मिनिटांनी मेश्रामच्या पायाखालचा बर्फ तुटला आणि तो भेगेत गेला. मी पालथा पडलो. दोर उजव्या कोपराभोवती गुंडाळून हात छातीशी दाबून धरला. मागे ऑपरेटरने आइस ॲक्स रोवली, सेट उघडला.

"एक जवान नीचे है. मदद भेजो. ओव्हर."

"पार्टी निकल रही है. चालीस मिनट. होल्ड करो. आउट."

वीस मिनिटांनंतर मला करंगळी जाणवेना. पार्टीने मेश्रामला जिवंत वर काढलं. डोक्याला मार होता. हवामान खराब, हेलिकॉप्टर आलं नाही. बारा वाजून पाच मिनिटांनी तो गेला.

हाताबद्दल मी बोललो नाही. मेडिकलमध्ये 'सब ठीक' सांगितलं आणि पेन्शनवर घरी आलो. आधी मुंग्या यायच्या, मग कोपरापासून करंगळीपर्यंत करंट लागायला लागला. यंदा धानाच्या रोवण्यात पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची, पेंडी हातातून सुटली. शर्टाची बटणंही बायको लावू लागली. तिनेच मला भंडाऱ्याला फिजिओथेरपीसाठी नेलं.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी कोपराच्या आतल्या बाजूला बोटाने टिचकी मारली. करंट थेट करंगळीत गेला.

"नस दबली आहे काका. इतके वर्ष काहून दाखवलं नाही?"

"माणूस गेला होता मॅडम. मी हात काय दाखवू?"

मग सगळं सांगावं लागलं. बायकोलाही ते त्या दिवशीच कळलं.

व्यायाम साधा होता. हात बाजूला न्यायचा, मनगट वाकवायचं, कोपर हळूहळू सरळ करायचं, म्हणजे नस मोकळी सरकते. जोर लावायचा नाही. झोपताना कोपर दुमडू नये म्हणून टॉवेल गुंडाळायचा.

मी अर्ध्यातच थांबायचो. कोपर सरळ केलं की दोर सोडल्यासारखं वाटायचं. एकदा बायको समोर बसली.

"करा ना जी सरळ. आता दोराला कोणी लटकून नाही राहिला."

मी केलं.

दोन महिन्यांनी बटणं लागू लागली. करंगळी अजून बधिर आहे. ती तशीच राहू शकते, असं मॅडम म्हणाल्या.

मेश्राम एकतीस वर्षांचा होता. भेगेत लटकलेला असताना त्याने खालून एकदाच आवाज दिला होता.

"दादा, हात दुखून राहिला का?"

मी ओरडून सांगितलं, "नाही रे."