एका शेळीसाठी उलटा चढलेला घाट

लातूर सोडताना माझ्या पुढे माझा धाकटा भाऊ शेखर होता, आणि त्याच्या अंगाला घट्ट चिकटलेला पोपटी पोशाख होता. शेखर बारा वर्षांपासून दक्षिण जर्मनीत, आल्प्सच्या पायथ्याशी राहतो. तिथल्या शांत घाटांतून सायकल चालवायचं त्याला वेड आहे. दर सुट्टीत तो घरी येतो, गच्चीवर उभा राहतो आणि म्हणतो, "अक्का, इथं सगळंच सपाट आहे गं." मी पंचवीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. बालाघाटाची रांग मी फळ्यावर डोळे मिटून काढते. यंदा म्हटलं, चल, तुला घाट दाखवते.

खरं सांगायचं तर ते घाट मीही एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेले होते. पण हे त्याला सांगायची गरज नव्हती.

त्याची सायकल विमानातून आली होती आणि एका बोटावर उचलता येत होती. माझी गंजगोलाईच्या दुकानातली. तिला गिअर होते, पुढं टोपली होती आणि मागं कॅरिअर. शहराबाहेर पडेपर्यंत दोन्ही बाजूंना शिकवण्यांचे फलक, त्यांवर पहिल्या आलेल्या मुलांचे हसरे चेहरे. पुढं ज्वारी कणसाला आलेली, मधेच हरभरा. शेखर मात्र मनगटावरच्या घड्याळात रस्त्याचा चढ बघत होता. डोळ्यांना दिसणारा चढ त्याला बहुधा अधिकृत वाटत नसावा.

शिरूर अनंतपाळला आम्ही एका हॉटेलात सुशीला (चुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला पोह्यांसारखा पदार्थ) खाल्ला. शेखरनं बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी मागितली. हॉटेलवाल्यानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पाव्हणं कुठलं?"

"जर्मनीला असतो मी."

"मग सायकलवर का?"

कॉफी तिथं नव्हतीच. मुकाट्यानं त्यानं गोड चहा घेतला, आणि मला पहिल्याच दिवशी सहलीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

मुक्काम उदगीरला केला. दुसऱ्या दिवशी जळकोट मागं पडलं आणि सपाटी संपली. रस्ता अरुंद झाला, वाहनांची ये-जा जवळजवळ थांबली. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचे उतार, त्यांवर वाळलेलं गवत, मधे कुठं पानं झडलेला पळस. शेवटच्या गावाबाहेर जनावरांचा दवाखाना लागला आणि त्याच्या पुढं घाट खाली उतरू लागला. पलीकडं नांदेड जिल्हा. वाऱ्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. मला तो घाट फार आवडला. शेखरनं घड्याळ पाहिलं.

"तीन किलोमीटर फक्त. आमच्याकडं याला घाट म्हणत नाहीत, अक्का. पुलाचा चढ म्हणतात."

असं म्हणून तो वाकला आणि सुसाट सुटला. मी ब्रेक दाबत मागून उतरत होते. दोन वळणं झाली, तिसरं झालं, आणि खालून आधी ब्रेकचा चिरका आवाज आला, मग शेळ्यांचा कालवा.

मी पोचले तेव्हा शेखर उठून बसला होता. कोपर सोलटलं होतं, बाकी काही नाही. रस्त्याच्या मधोमध एक तांबडी शेळी पडली होती. तिचा मागचा पाय गुडघ्याखाली नको त्या बाजूला वळला होता. तिच्याजवळ साठीची एक बाई बसली होती, सोजरबाई. तिची सून उरलेल्या शेळ्या कडेला हाकत होती.

"गाभण हाय," सोजरबाई शेळीच्या पोटावर हात ठेवून म्हणाली. "महिन्याभरात विईल." आवाज चढला नव्हता.

शेखरचा हात खिशाकडं गेला. "मावशी, चूक माझीच. तुमचं जे काही नुकसान..."

"पैशाचा काय पाय बसवू का तिला? दवाखाना वर हाय. उचला."

"एखादी गाडी बघतो ना."

"गाडी साडेचारला. डाक्टर चारला जातो. उचला म्हन्ले न्हवं."

तेव्हा तीन वाजून गेले होते. शेखरनं खाली बघितलं, मग वर बघितलं. त्याच्या सायकलला कॅरिअर नव्हतं. वजन वाढतं म्हणून तसल्या सायकलला ते लावत नाहीत. माझ्या कॅरिअरवर शेळी ठेवून पाहिली, पण पाय लटकताच ती अशी ओरडली की तो विचार सोडला. शेवटी सोजरबाईनं डोईच्या टापराची पट्टी फाडून पाय काठीला बांधला आणि शेळी शेखरच्या खांद्यांवर चढवली. पायडलमध्ये अडकणाऱ्या त्याच्या बुटांना तळाशी टणक तुकडा होता. चार पावलांतच तो घसरला. बूट काढून सायकलीसकट सुनेजवळ ठेवले आणि जर्मनीतले पाय अनवाणी त्या खडीवर टेकले.

असा आमचा उलटा प्रवास सुरू झाला. पुढं पोपटी कपड्यातला शेखर, त्याच्या मानेवर शेळी, शेजारी सोजरबाई, आणि मागं सायकल ढकलत मी. पहिल्या वळणावर शेळीनं त्याच्या पाठीवर मुतून घेतलं. दुसऱ्यावर त्याला थांबावं लागलं. तोंड लाल झालं होतं, मांड्या थरथरत होत्या. पुलाचा चढ संपता संपत नव्हता. मी तोंडावर पदर धरून चालत होते, ऊन लागतंय असं दाखवत.

सोजरबाई मागं वळली. "हसायलाव का, अक्का?"

"नाही हो."

"हसायलाव. सख्खा भाऊ हाय न्हवं तुमचा? तुमच्याजवळ सायकल हाय. पुढं जाऊन डाक्टरला थांबवायचं सोडून त्याची फजिती बघत चाललाव."

वर्गात साठ मुलांसमोर कुणी कानाखाली मारली असती तरी मला एवढं लागलं नसतं. कारण ते खरं होतं. अर्धा घाट मी सायकल ढकलत आले होते आणि पुढं जायचं माझ्या मनातही आलं नव्हतं, किंवा आलं असेल तर मी ते येऊ दिलं नव्हतं. शेखरनं मान वर केली नाही. शेळीचे डोळे तेवढे माझ्याकडं होते.

मी सायकलवर बसले. आजवर चढ आला की उतरून चालायची माझी रीत. त्या दिवशी उतरले नाही. शेवटच्या वळणावर छातीत इतकं दुखलं की चोपन्नावं वर्ष हे भूगोल शिकवायला ठीक, दाखवायला नाही, असं वाटलं. दवाखान्यापाशी पोचले तेव्हा डॉक्टर कुलूप लावत होते.

"थांबा. शेळी येतेय."

"पाय मोडलाय म्हणता, आणि येतेय?"

"भावाच्या खांद्यावर आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि कुलूप परत काढलं. मला बसायला स्टूल दिलं. बऱ्याच वेळानं ते तिघं आले. शेखर शेळी टेबलावर ठेवून तसाच भिंतीला टेकून खाली बसला. डॉक्टरांनी पाय सरळ केला, कामट्या (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या) लावून पक्का बांधला. मग पोटावर बराच वेळ हात ठेवला.

"पिल्लू हलतंय," ते म्हणाले. "पायाचं महिन्याभरानं कळेल."

डॉक्टरांच्या माठातलं पाणी घेऊन सोजरबाई आधी शेखरकडं गेली. "प्या. लई दमलाव."

रात्री आम्ही तिच्या घरी राहिलो. नाही म्हणायची सोय नव्हती. शेखरला पाय टेकवत नव्हते. भाकरी, पातळ पिठलं, मिरचीचा ठेचा. एरवी प्रत्येक ताटाचा फोटो काढणारा तो सरळ जेवायला बसला. सकाळी निघताना शेळी उभी नव्हती, पण पाला खात होती. पुढचा रस्ता आम्ही सावकाश कापला, नांदेडला पोचलो आणि सायकली एसटीच्या टपावर टाकून लातूरला परतलो.

ही गोष्ट मी त्यानंतर शिक्षकांच्या खोलीत, हळदीकुंकवाला, लग्नाच्या मांडवात कितीदा तरी सांगितली. पोपटी पोशाख, मानेवरची शेळी, पाठीवरचं मूत. लोक पोट धरून हसतात. सोजरबाईचं बोलणं मात्र मी नेमकं गाळते. आज पहिल्यांदा इथं लिहिलं.

शेखरही ही गोष्ट सांगतो. तो तिकडच्या मित्रांना सांगतो की माझी बहीण चोपन्नाव्या वर्षी तो घाट सायकलवरून एकदाही खाली न उतरता चढली आणि म्हणून डॉक्टर सापडले. कोणत्या वळणापासून चढली, हे तो सांगत नाही. त्याला ते माहीत नाही असं नाही.