विठाबाईची सात नंबरची शेळी

तेरच्या विठाबाईचा आवाज असा, की तिनं गल्लीत शेळीला हाक मारली की नदीपल्याडच्या शेळ्याही माना वर करायच्या. आणि बाई सरळ. इतकी सरळ, की लोक तिला जेवायला बोलवायला कचरायचे. लग्नाच्या पंगतीत बसून, वरबाप समोर उभा असताना, "वांग्यात मीठ लई झालंय" म्हणून सांगणारी ही बाई! अशा माणसानं उभ्या जन्मात एकदाच लबाडी केली, आणि नेमकी तीच लबाडी डॉक्टरबाईंच्या अहवालात जाऊन बसली.

झालं असं. शिवरंजनी नावाच्या जनावरांच्या डॉक्टरबाई तीन वर्षांपासून जिल्ह्यातल्या काळ्या शेळ्यांवर काम करत होत्या. ऐन चैत्रात त्यांनी तेरला गावाबाहेरच्या मोकळ्या शेडात बारा शेळ्या आणून बांधल्या. सहा सावलीत, सहा उन्हात. सकाळी दहा ते दुपारी चार, सलग पंधरा दिवस. कृष्णराज नावाचा मदतनीस दर दोन तासांनी ताप बघायचा, मानेतून रक्त काढायचा आणि नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवायचा. आणि शेळ्यांवर नजर ठेवायला, वैरण टाकायला कोण? तर विठाबाई. शेळीचं कान हलवणं बघून दुखणं ओळखणारी दुसरी बाई गावात होतीच कुठं?

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "बाई, मुक्या जनावराला उन्हात उभं करून तुम्हाला काय घावणार?"

डॉक्टरबाई समजावून सांगणाऱ्या होत्या. "ऊन चढलं की अंगातली नाजूक प्रथिनं बिघडायला लागतात, विठाबाई. मग शरीर एक जनुक जागं करतं. त्यातून राखण करणारं प्रथिन तयार होतं आणि ते बाकीच्यांना सावरून धरतं. हे जनुक सगळ्याच शेळ्यांत असतं. एरवी निवांत असतं. उन्हात ते कुणात किती जागं होतं, ते आपण रक्तातून मोजायचं."

"म्हंजी घरात दुखणं आलं की थोरली सून रात्रंदिवस उठबस करती, तसं?"

"तसंच. पण थोरली सून दुखणेकऱ्यात अडकली की घरची बाकीची कामं पडून राहतात ना? शेळीचंही तेच. दूध आटतं, पिल्लू वाढत नाही. म्हणून त्याच उन्हात जिला हे जनुक कमी जागं करावं लागतं, ती शेळी खरी काटक. तिचा बोकड पैदाशीला ठेवायचा."

विठाबाईला हे पटलं. तिला न पटणारी गोष्ट वेगळीच होती. उन्हातल्या सहांत एक तिची स्वतःची शेळी होती, रंभी. कानात पिवळा बिल्ला, नंबर सात.

रंभी साधी शेळी नव्हती. तीन वर्षांमागं विठाबाईची लेक हर्षाली बाळंतपणात अडली होती. तिकडं दवाखान्यात डॉक्टर धावपळ करत होते आणि इकडं विठाबाईनं सोनारीच्या भैरोबाला हात जोडले होते. माय-लेकरू दोन्ही वाचली. त्याच आठवड्यात गोठ्यात जन्मलेली पाठ, म्हणजे मादी करडू, तिनं देवाच्या नावानं सोडली. देवाच्या शेळीला काठी लावायची नाही, विकायची नाही, उपाशी किंवा उन्हात ठेवायची नाही. मग ती इथं आलीच कशी? डॉक्टरबाई दारात आल्या, बारावी शेळी मिळेना म्हणाल्या, रंभीवरून हात फिरवून "काय देखणी आहे हो!" म्हणाल्या, आणि विठाबाई विरघळली. कौतुकापुढं भल्याभल्यांचं भान सुटतं, तिचंही सुटलं.

मग रोज बाराच्या ठोक्याला कृष्णराज आतल्या खोलीत रक्ताच्या नळ्या घेऊन बसला की विठाबाई रंभीचं दावं सोडायची, मागच्या लिंबाखाली न्यायची आणि अंगावर ओलं पोतं टाकायची. दोनला पाच मिनिटं कमी असली की पोतं काढून, अंग पुसून, शेळी परत खुंट्याला. बाकीच्या पाच शेळ्या ओरडायच्या. तिचं काळीज तुटायचं, पण ती म्हणायची, "तुम्ही माणसांच्या हाव गं बायांनो, ही देवाची हाय." एक शेळी सावलीत गेल्यानं त्या एवढ्याशा नळ्यांत काय फरक पडणार, अशी तिची समजूत.

महिन्याभरानं डॉक्टरबाई पेढे घेऊन दारात हजर!

"विठाबाई, तुमच्या रंभीनं कमाल केली! बाकीच्या पाचांत जनुक आठ-आठ, नऊ-नऊ पट जागं झालंय. सात नंबरमध्ये जेमतेम दीडपट. ताप नाही, धाप नाही. अशी शेळी मी तीन वर्षांत पाहिली नाही. तिचा तुमच्या गोठ्यातला बोकड आता पैदाशीला जाणार. माकणीकडच्या माळरानावर चाळीस बायकांचा गट आहे, बोकड त्यांना द्यायचं कळवलंही. तिकडं उन्हाळ्यात करडं फार दगावतात हो."

विठाबाईच्या हातातला पेढा हातातच राहिला. गल्ली हलवणारा तो आवाज, त्यातून नुसतं "बरं बरं" एवढंच निघालं.

त्या दिवसापासून तिच्या जिवाला चैन नाही. भाकरी ताटात तशीच राहायची. नवरा बब्रुवाननं तिसऱ्या दिवशी खोदून विचारलं. तिनं सांगून टाकलं.

तो म्हणाला, "आता बोलू नगंस. कुणाला कळणार हाय? शेळी बोलती व्हय?"

"अवो, पर ती करडं मरतील की! माकणीच्या बाया म्हणतील काटक बोकडाची पिल्लं हायती, अन् बांधतील उन्हात."

"अन् सांगितलंस तर? डॉक्टरबाईचं तीन वर्साचं काम पाण्यात. गावात तोंड दाखवायला जागा राहील का तुला? अख्ख्या गावाला खरं शिकवीत फिरलीस आजवर."

हे मात्र वर्मी लागलं. विठाबाई उठून गोठ्यात गेली. बोकड उड्या मारत होता. दिसायला देखणा, आईसारखाच. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि तिला त्याचा असा राग आला की काय सांगावं! त्या बिचाऱ्याचा काय दोष होता त्यात? पण राग कुणावर तरी काढावाच लागतो माणसाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडावर गेली. डॉक्टरबाई लॅपटॉप उघडून बसल्या होत्या, अहवाल त्याच दिवशी वर पाठवायचा होता. कृष्णराज शेजारी. विठाबाई दारातूनच म्हणाली, "बाई, ते पाठवू नगा. म्या रंभीला रोज दोन घंटे सावलीत नेत हुते. ओलं पोतं टाकत हुते अंगावर."

कृष्णराज ताडकन उठला. "मावशी! काय बोलताय कळतंय का तुम्हाला? पंधरा दिवस उन्हात मी मरमर राबलो आणि तुम्ही..."

डॉक्टरबाईंनी त्याला हातानं थांबवलं. त्या ओरडल्या असत्या तर विठाबाईला बरं वाटलं असतं. त्यांनी लॅपटॉप मिटला. एवढंच म्हणाल्या, "का?"

विठाबाईनं नवस सांगितला. हर्षालीचं सांगितलं. शेवटी म्हणाली, "देवाला दिलेला शब्द मोडवला न्हाय. अन् तुम्हाला दिलेला मोडला. माझं चुकलं."

"मग आता तुम्हीच ठरवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "ऊन अजून आहे. रंभीची चाचणी पुन्हा करता येईल. एकच दिवस, पण पूर्ण सहा तास. नाही केली तर सात नंबर मी यादीतून काढून टाकीन. कदाचित ती खरोखर काटक असेल. ते मात्र कधीच कळणार नाही."

विठाबाई घरी आली. देव्हाऱ्यासमोर बसली, उठली, पुन्हा बसली. देवाला काय म्हणाली ते तिनं कुणालाच सांगितलं नाही, त्यामुळं मलाही ठाऊक नाही. सकाळी मात्र रंभीचं दावं धरून ती स्वतः शेडावर हजर होती.

दहा वाजता ऊन चांगलं तापलं होतं. रंभी खुंट्याला उभी राहिली, विठाबाई तिच्या शेजारी. डोक्यावरचा पदर तिनं खाली घेतला. कृष्णराज म्हणाला, "मावशी, तुम्ही तरी सावलीत बसा." ती हलली नाही.

बाराला ताप एकशे तीन, म्हणजे शेळीला नेहमीचाच. रंभीनं लिंबाकडं मान वळवली आणि हलकेच ओरडली. रोजची वेळ झाली होती ना! विठाबाईनं डोळे मिटून घेतले. एकला शेळीची धाप सुरू झाली, बरगड्या भात्यासारख्या वरखाली. दीडला जीभ बाहेर आली, मागचे पाय थरथरायला लागले.

"बाई, बास करा!" विठाबाई ओरडली. लिंबावरचे कावळे उडाले.

डॉक्टरबाई थर्मामीटर घेऊन धावत आल्या. "एकशे पाच आणि वर थोडा. एकशे सहा झाला की मी स्वतः सोडेन, शप्पथ. पण आता सोडली तर आजचंही वाया."

"मरंल ती!"

"मी मरू देणार नाही."

विठाबाईनं रंभीची मान कवेत घेतली. पोळत होती. आपल्या हातात दावं आहे, दहा पावलांवर सावली आहे, आणि आपण सोडत नाही, हे तिला सोसवेना. तिचे डोळे वाहायला लागले. दोनला रक्त काढलं. ताप तिथंच अडला होता. तीनला एकशे पाच. चारला रक्त घेतलं तेव्हा शेळीचे पाय थरथरायचे थांबले होते आणि ती विठाबाईचा पदर चघळत होती. कृष्णराजनं पाण्याची बादली आणली, तेव्हा शेळीआधी विठाबाईच मटकन खाली बसली.

आठ दिवसांनी कागद आला. डॉक्टरबाईंनी पेढे आणले नव्हते.

"नऊ पट," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांसारखीच. साधी शेळी आहे, विठाबाई."

"म्हंजी जागं झालं त्ये?"

"झालं. म्हणूनच दोननंतर ती सावरली."

विठाबाई रंभीकडं बघत राहिली. तीन वर्षं ती या जनावराला भरदुपारचं ऊन लागू देत नव्हती, आणि सावरायची ताकद तर तिच्या अंगातच होती. तिला हसू आलं आणि लाजही वाटली.

"माकणीच्या बायांना कोण सांगणार?" तिनं विचारलं.

"मी फोन करीन."

"फोन नगं. लबाडी माझी हाय, तोंड बी माझंच पायजे."

मृग लागायला चार दिवस उरले होते. दोघी माकणीला पोचल्या तेव्हा भर दुपार होती. मंदिराच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या, बोकड बघायला. पुढं नागम्मा, गटाची म्होरकी, साठीची, काटकुळी. तिनं कुंकवाची वाटीसुद्धा आणली होती, बोकडाला लावायला.

विठाबाई उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज मागच्या बायकांपर्यंत पोचेना. "मोठ्यानं बोल की बाई," कुणी तरी म्हणालं. मग तिनं सगळं सांगितलं. लिंब, पोतं, नवस, नऊ पट. काही राखून ठेवलं नाही.

नागम्मानं कुंकवाची वाटी खाली ठेवली. मग नागम्मा कडाडली, "आमी जुना बोकड काढून टाकला की हो तुमच्या भरवशावर! पंधरा दिस शेळ्या तशाच ठेवल्या. कुणी भरून द्यायचं ते?"

"ते मला भरून देता यायचं न्हाय," विठाबाई म्हणाली. "शिव्या द्या. म्या त्याच्यासाठीच आले."

नागम्मानं शिव्या दिल्या. मराठीत दिल्या, मराठी अपुरी पडली तेव्हा कानडीत दिल्या. विठाबाई मान खाली घालून ऐकत राहिली. दम लागला तशी नागम्मा खाली बसली, पदरानं तोंड पुसलं आणि डॉक्टरबाईंकडं वळली.

"त्या सहाच्या सहा शेळ्या कुठल्या होत्या?"

"तेरच्याच. घरी सांभाळलेल्या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"म्हंजी रात्री गोठा, दुपारी सावली. अन् पंधरा दिवस उन्हात उभ्या केल्या की झालं व्हय? आमच्या माळावर झाडच न्हाय. आमच्या शेळ्या जन्मल्यापासनं उन्हातच. धा मरत्यात, दोन जगत्यात. त्या जगलेल्यांचं रगत कवा कुणी बघितलं का?"

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला, आणि मग हळूहळू बदलायला लागला. तीन वर्षं त्या काटक शेळी शोधत फिरल्या होत्या, आणि हा प्रश्न त्यांनी स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

"उद्या सामान घेऊन येते," त्या म्हणाल्या.

"उद्या कशाला? तुमचा बर्फाचा डबा हाय ना गाडीत?" नागम्मा उठली. "ऊन आत्ता हाय. अन् ए तेरकरीण, तू बी चल. शेळी धरायला माणूस लागंल."

विठाबाईनं पदर कमरेला खोचला आणि ती नागम्माच्या मागोमाग माळाकडं निघाली.