पाण्याआधीची फुंकर

माझी थोरली बहीण तान्ह्या बाळांना पोहायला शिकवते असं सांगितलं की लोक आधी हसतात. ज्यांना धड बसता येत नाही त्यांना पोहणं? पण ताईचा तलाव कधी ओस पडला नाही. एका इमारतीच्या तळघरात कमरेएवढं कोमट पाणी, डोळ्यांत चुरचुरणारा औषधाचा वास, भिंतींना ओल आणि मधोमध रबरी टोपी घालून उभी ताई. आईबाप तिला कौतुकानं बेडूकबाई म्हणत.

तिची सगळी हातोटी एका फुंकरीत होती. बाळाला समोर धरायचं आणि तोंडावर हलकेच फुंकर मारायची. बाळ डोळे मिटून श्वास धरतं, तेवढ्यात त्याला पाण्याखालून फिरवून वर काढायचं. थोड्या दिवसांनी नुसती फुंकर मारली तरी बाळ तयार असतं.

नव्या पालकांचा धीर वाढावा म्हणून ताई आधी स्वतःच्या लेकीला बुडवून दाखवायची. "बघा, रडते का?" पोरगी खरंच रडायची नाही. रडायला आधी श्वास लागतो, एवढी साधी गोष्ट आमच्या हुशार ताईच्या डोक्यात कधी शिरली नाही. मी बोलले तर मलाच गप्प केलं. भाची मोठी झाली आणि तिनं पाण्याशी कायमचं वैर धरलं.

तिला मुलगी झाली. कामावर परत जायची वेळ आली तेव्हा तिनं बाळाला ताईकडे ठेवायचं कबूल केलं, पण एका अटीवर.

"आई, हिला पाण्यात घालायचं नाही. तलावात नाही, घरच्या टबातही नाही. घातलंस तर हिला पाळणाघरात ठेवीन."

"नाही गं बाई," ताई म्हणाली. नातीसाठी तिनं तलावावरची निम्मी कामं सोडली. दिवसभर तिला कडेवर घेऊन घरभर फिरायची. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

एका संध्याकाळी भाची बाळाला न्यायला आली तेव्हा मी तिथेच होते. बाळाच्या गालावर पापणीचा केस चिकटला होता. भाचीनं सहज फुंकर मारली. बाळानं डोळे घट्ट मिटले, ओठ आवळले, श्वास धरला आणि तसंच थांबलं.

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, कितीदा?"

"अगं, टबातच. तेही मी धरून. उद्या कुठे पडली-बिडली तर? तू तर पाण्यात उतरायची नाहीस."

"मावशी, हिची पिशवी दे," भाची माझ्याकडे वळून म्हणाली.

ताईचं चुकलं, हे मी तिला तोंडावर सांगितलं. तरी मला तिची कीव आली. माया करायची तिला तेवढी एकच रीत येत होती.

नात पाळणाघरात जायला लागली. ताईनं पुष्कळ मिनतवाऱ्या केल्यावर भाचीनं आम्हा दोघींना घरी बोलावलं. ताई नवा फ्रॉक घेऊन आली होती. नात सतरंजीवर खेळत होती. ताई गुडघे टेकून बसली आणि पापा घ्यायला वाकली. फुंकर नाही, काही नाही. तरी नातीनं डोळे मिटले आणि ओठ घट्ट आवळले.

ताई तशीच मागे सरली.

"श्वास घे गं बाळा," ती म्हणाली. "इथे पाणी नाहीये."