आगलावी

घरात तिला आगलावी म्हणत. धाकट्या दिराने आधी थट्टेत म्हटलं होतं. पुढे थट्टा गेली, नाव तेवढं राहिलं. कामच तिचं तसं होतं. कापडं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती कापडं जाळून बघायची. लोखंडी पेटीत पट्टी उभी टांगायची, खालच्या कडेला ज्योत धरायची, मग ज्योत बाजूला घेऊन बघत राहायचं: आग विझते की वर चढते, आणि चढताना खाली पेटते थेंब गळतात का. तिच्या केसांना कायम जळका वास असे. जीभही तशीच. जावेने हौसेने नवा झगा दाखवला, तर हिने शिवणीतला दोरा ओढून त्याला काडी लावली आणि म्हणाली, "शेगडीजवळ जाऊ नकोस." त्यानंतर जावेने तिला काही दाखवलं नाही.

दिराचा पडद्यांचा धंदा होता. नाट्यगृहाचे पडदे करायचं काम त्याला मिळालं आणि कापडाचे गठ्ठे घराच्या बोळात येऊन पडले. नमुना तपासणीला तिच्याच टेबलावर आला. ज्योत काढताच विझला. पास. त्या संध्याकाळी दीर तिच्याशी गोड बोलला, आणि तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

बोळातून जाताना तिने गठ्ठ्याला हात लावला. नमुना जरा कडक होता, आग न धरण्याच्या औषधात बुडवलेला. हे कापड मऊसूत होतं. तिने कात्रीने एक पट्टी कापली, स्वयंपाकघरात नेली, चिमट्यात धरून पेटवली. आग सरसर वर गेली. काळे, पेटते थेंब टपटप सिंकमध्ये पडले. वासाने सगळे धावत आले.

"नमुना पास झालाय," दीर म्हणाला. "विषय संपला."

"नमुन्याला औषध लावलंत, भाऊजी. गठ्ठ्यांना नाही."

"एवढ्या कापडाला औषध लावत बसलो तर माझ्या हातात काय उरेल?"

"त्या पडद्यांमागे शाळेतली पोरं उभी राहतात."

"पोरांचं नाव कशाला घेता? तुम्हाला माझं बरं झालेलं बघवत नाही, वहिनी. पहिल्यापासून."

"नाही बघवत," ती म्हणाली. "पण म्हणून काही कापड पेटलं नाही."

सासू दारातूनच बोलली. "घरातलं घरात राहू दे. बाहेर तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ आहे." नवरा खिडकीबाहेर बघत राहिला. घरात वाद झाला की तो नेहमी तिकडेच बघायचा.

"सगळं कापड औषधातून काढा," तिने दिराला सांगितलं. "मी गप्प बसते."

दुसऱ्या दिवशी त्याने गठ्ठे शिवायला पाठवले. थोड्याच दिवसांत पडदे नाट्यगृहात टांगले गेले, औषधाचा थेंबही न लागलेले.

ती प्रयोगशाळेतल्या साहेबांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. शाबासकीची अपेक्षा नव्हती, मिळालीही नाही. "दिराचा नमुना तू तपासलासच कसा?" साहेब कडाडले. "तेव्हाच सांगायला नको?" तपासणी दुसऱ्याकडे गेली. टांगलेल्या पडद्यांतून पट्ट्या कापल्या, दिरासमोर पेटवल्या. सगळ्या तळापासून टोकापर्यंत जळाल्या. पडदे उतरवले, काम दुसऱ्याला गेलं. आणि तिला आगीच्या टेबलावरून उठवून धुतल्यावर रंग जातो का ते बघायला बसवलं.

घरात दोन चुली झाल्या. दीर समोर आला की थुंकायचा. जाऊ तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मुद्दाम धुणं पिळायची. "काय मिळवलंस?" नवऱ्याने एकदा विचारलं. ती म्हणाली, "तू तरी खिडकीतून काय मिळवलंस?" मग तोही बोलेनासा झाला.

एका दुपारी कामावरून आली, तर तिच्या दाराशी पडद्यांचा ढीग पडला होता. सासूच्या खोलीतले, दिराने शिवलेले. म्हातारीने स्टुलावर चढून स्वतःच काढले होते. आता ती आपल्या खोलीत, पडदे काढलेल्या खिडकीखाली उन्हात डोळे बारीक करून बसली होती.

"आई, हे काय?"

सासूने मान फिरवली. "तुझ्याशी मला बोलायचं नाही," ती म्हणाली. "ते घेऊन जा इथून. माझ्या खोलीत समई जळत असते."

तिने ढीग उचलला.