मोहरीचा वास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या मुलीला नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा मी याला वळसा घालूनच गेले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ रेटते आहे. तरी सुरुवात कुठून करू? एका लुगड्यापासून? चालेल. एवढ्याशा गोष्टीपासूनच झालं ते.

तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. मराठ्यांचं राज्य जाऊन फार वर्षं झाली होती. पुरुषमंडळी इंग्रजांच्या कचेऱ्यांतून कारकुनी करत, तशी माझे यजमानही करत. धाकटा भाऊ नाना पापनाशमला वकिली करायचा. त्यानं तिथं नवं घर बांधलं. वास्तुशांतीला भरला कलश घेऊन पहिलं पाऊल बहिणीनं टाकायचं — म्हणजे मी. त्यासाठी जांभळं रेशमी लुगडं घेतलं होतं. मी गेले नसते तर चुलतबहिणीनं कलश घेतला असता. तिचं आणि माझं कधी पटलं नाही. हसू येतंय ना? मलाही येतं, कधीकधी. फार वाईट हसू असतं ते.

तेवढ्यात माझ्या सरूला ताप भरला. सात वर्षांची होती. डोळे लाल, नाक वाहतंय, मग कानांमागून पुरळ उतरलं. गोवर. आमच्याकडे म्हणतात, 'अम्मा आली' — मारियम्मा घरी उतरली. मग दाराला कडुलिंब बांधायचा. कुणाकडे जायचं नाही, कुणाला घरात घ्यायचं नाही. आणि स्वयंपाकात फोडणी द्यायची नाही — मोहरी तडतडली की देवी कोपते.

मी कडुलिंब बांधला नाही.

यजमानांना म्हटलं, घामोळं आहे. निघायच्या दिवशी पुरळ काळवंडायला लागलं होतं, अंग जरा निवलं होतं. झालीच की बरी, असं मनाशी म्हटलं. पण मला ठाऊक होतं. लहानपणी आमच्या घरी गोवर आला, तेव्हा तो एकापासून दुसऱ्याला कसा गेला, ते मी पाहिलं होतं. तिला लांब बाह्यांचं पोलकं घातलं आणि आगगाडीत बसवलं.

वहिनीनं, नानाच्या रुक्मानं, दारातच विचारलं, "वन्सं, सरूच्या मानेवर काय हो आलंय?"

"उन्हाचं गं. घामोळं."

तिनं लगेच चंदन उगाळून आणलं आणि स्वतःच्या हातानं सरूला लावलं. तिची अंबू, चार वर्षांची, फार गोड बोलायची, अर्धं तमिळ अर्धं मराठी. ती सरूला चिकटूनच राहिली. दोघी एका पानात जेवल्या, एका चटईवर निजल्या. मी कलश घेऊन आत गेले. लुगड्याचं सगळ्यांनी कौतुक केलं.

आम्ही परत आल्यावर थोड्या दिवसांनी नाना स्वतः दारात उभा. "अक्का, अंबूला अम्मा आलीय. रुक्मा एकटी पडली. येतेस?"

सरूला घेऊन गेले. काय करणार होते? वहिनी पोरीच्या उशाशी बसून कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घालत होती. पुरळ मावळलं, अंबूनं मोरभात, म्हणजे ताकभात, मागितला, आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. आणि मग पुन्हा ताप चढला. या वेळी निराळा. ती आईला ओळखेना. डोळे एकीकडे लागले, उजवा हात, उजवा पाय झटके देऊ लागले, आणि अंग लाकडासारखं ताठलं.

नानानं डॉक्टर आणले. तमिळ गृहस्थ, शांत. त्यांनी सांगितलं, की गोवराचं विष भिंगाखालीही दिसत नाही इतकं बारीक असतं. बहुतेक मुलं त्यातून उठतात. पण एखाद्याच्या मेंदूला सूज येते, पुरळ गेल्यावरसुद्धा. कुणाच्या ते आधी कळत नाही. मग त्यांनी विचारलं, "आजारी मूल कुणी घरात आलं होतं का?"

नाना आठवत होता — आणि आठवता आठवता त्याची नजर सरूकडे वळली.

"इल्लै," मी म्हटलं. नाही. कुणीच नाही.

सरूनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिनं मला आजवर काही विचारलेलं नाही.

इथवर थांबले असते, तर भित्री म्हणवून घेतलं असतं. पण मी थांबले नाही.

डॉक्टर गेल्यावर, नानाकडेच राहणारी आमची आई म्हणाली, "कसलं विष? देवी कोपलीय. खरं सांगा, चुलीवर फोडणी कुणी दिली?" नाना अजून सरूकडेच बघत होता. आणि मी म्हणाले —

"मला मोहरीचा वास आला होता. वहिनी आत होती तेव्हा."

आला नव्हता. कधीच आला नव्हता. त्या घरात जिरंसुद्धा तडतडलं नव्हतं.

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. "मी? वन्सं, मला आठवत नाही हो..." किती रात्रींची झोप नव्हती तिला. मग पुटपुटली, "दिली असेन. सवयीनं हात गेला असेल." माझं खोटं तिनं माझ्यादेखत खरं मानलं. तिला थांबवायला मला एक शब्द पुरला असता, नाही का?

अंबू जगली. पण बोलणं गेलं, उजवी मूठ मिटलेलीच राहिली, आणि झटके येत राहिले. आईनं वहिनीचं तोंड पाहणं सोडलं. नानानं तिला लेकीसकट कुंभकोणमला माहेरी पोचवलं आणि दुसरं लग्न केलं. त्या लग्नालाही मी गेले होते.

कुंभकोणमला मी अधूनमधून जायची. वहिनी अंबूची बोटं एकेक करून तेलानं उलगडायची. मला म्हणायची, "त्या घरातून तुम्ही एकट्याच येता हो." तिचं सांबार बिनफोडणीचं, बेचव असायचं. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाली, "मोहरी हातात धरवत नाही."

मी ते सांबार जेवले.

गेल्या साली ती आजारी पडली ती उठलीच नाही. शेवटी मला बोलावून म्हणाली, "वन्सं, अंबूला तुमच्याकडे न्या. आणि तिला सांगा, आईच्या हातून चूक झाली, माफ कर. तिला कळायचं नाही. तरी सांगा."

मी "बरं" म्हटलं.

अंबू आता माझ्याकडे असते. तिला वेणी घालताना मी तो निरोप सांगितला. आईच्या हातून चूक झाली, असंच सांगितलं.