हेडविगच्या दाराची पाटी

हेडविगचा आमच्या जिन्यावर भारी धाक होता. स्टुटगार्टमधल्या आमच्या इमारतीत झाडलोटीची लाकडी पाटी दर आठवड्याला एका दाराच्या मुठीवरून पुढच्या दारावर जाते. ज्याच्या दारी पाटी, त्यानं जिना झाडायचा, पुसायचा. माझ्या पाळीत हेडविग कठड्याखाली बोट फिरवून बघायची. "काय गं इर्मा, पुसलास की नुसतं पाणी दाखवलंस?" अस्सा राग यायचा मला!

मग तिला झटका आला. हातपाय सावरले, पण शब्द गेले. बोलणं शिकवायला एक मुलगी यायची, चित्रं दाखवायची. दार, खिडकी, छप्पर हे शब्द हळूहळू परतले. जिना मात्र येईना. जर्मनमध्ये ट्रेप्पे. शेंबड्या पोराला येणारा शब्द! रोज दुपारी मी तिच्यासमोर बसून तोंड वेंगाडायचे, "ट्रेप्-पे." ती माझ्या ओठांकडे टक लावून बघायची आणि म्हणायची, "खिडकी." चुकलं हे तिला कळायचं, मग डोळे भरून यायचे.

तोवर पाटी तिचं दार टाळून थेट वरच्या मजल्यावर जायला लागली होती. हेडविग मला हाताला धरून आपल्या दाराची रिकामी मूठ दाखवायची. एकदा मीच पाटी तिथं अडकवली, तर शेजारच्या श्टेलेबाईंनी तासाभरात काढली. मी भांडायला गेले.

"अहो, तिचे हातपाय धड आहेत!"

"आणि पडली तर? तुम्ही निस्तरणार? तिला हवी असेल तर तिनं सांगावं की."

मी तणतणत हेडविगकडे परतले.

शनिवारी श्टेलेबाई पायऱ्या पुसत होत्या. मी हेडविगकडेच बसले होते. ती उठली, झाडू घेतला, दार उघडलं. ओठ जुळवले आणि स्वच्छ म्हणाली, "ट्रेप्पे."

मला तर नाचावंसं वाटलं.

"झाला हो पुसून," श्टेलेबाई हसल्या. "तुमच्या वाटचाही मीच केला."

"ट्रेप्पे." हेडविगनं झाडू पुढे केला.

"ती पाळी मागतेय," मी ओरडले. "तुम्हीच म्हणालात ना, सांगू दे म्हणून?"

"कळतंय मला. पण सगळ्यांचं ठरलंय आता, इर्माबाई. तिच्यावर कशाला ओझं?" प्रेमानंच म्हणाल्या त्या, हेच वाईट. मग पाटी घेऊन वर गेल्या.

हेडविग झाडू धरून दारातच उभी राहिली. ट्रेप्पे, ट्रेप्पे, ट्रेप्पे. एकदाही अडखळली नाही.