टोपी वाजली, बार नाही

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी दाजी म्हणायचो म्हणून कारखान्यात हळूहळू सगळेच म्हणायला लागले. त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला पॉलिशवालासुद्धा. बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. ठासणीच्या रायफलींना चाप आणि घोडे बसवायचे, आणि त्या पेटतात की नाही ते बघायचं. त्या बावीस वर्षांचा शेवट कसा झाला ते मी लिहून ठेवतो आहे. गोड करून लिहिणार नाही.

कारखाना लहान होता, तेवीस माणसांचा. नेमबाजीच्या क्लबांना जुन्या पद्धतीच्या रायफली लागतात, त्या आम्ही बनवायचो. ज्यांनी ही बंदूक पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी ठेवायची, गजाने ठासायची. मागच्या बाजूला एक पोकळ खुंटी असते, तिला निपल म्हणतात. निपलवर तांब्याची चिमुकली टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो, टोपी फुटते, आणि तिची ठिणगी निपलच्या भोकातून, पुढच्या बारीक वाटेने दारूपर्यंत जाते. सगळी वाट बोटाच्या दोन पेरांएवढी. त्या दोन पेरांत काही अडलं तर टोपी वाजते आणि बार होत नाही. किंवा होतो, पण रेंगाळून, माणूस बंदूक खाली घेऊन बघायला लागल्यावर.

एका क्लबाने साठ रायफली मागवल्या. आधी नमुन्याच्या दहा पाठवल्या. दहापैकी सहा पहिल्याच बाराला बसल्या, म्हणजे टोपी वाजली आणि बार झालाच नाही. त्या दहाही परत आल्या, सोबत एक चिठ्ठी: अशा बंदुका आम्ही मुलांच्या हातात देऊ शकत नाही.

मालकांनी सगळ्यांना बोलावलं. शेजारी त्यांचे जावई उभे. जावईबापूंकडे गोदाम आणि तपासणी होती. वर्षापूर्वी आले होते आणि नुकतेच त्यांनी गोदामात नवे रॅक बसवले होते. रायफली दस्त्यावर उभ्या, नळ्या वर, रांगेत. पाहुण्यांना दाखवायला छान. पूर्वी त्या खुंट्यांवर आडव्या असायच्या.

जावई म्हणाले, "ठिणगी कमी पडतेय. निपलचं भोक मोठं करायचं. पाऊण मिलिमीटरचं दीड."

दाजी म्हणाले, "मोठ्या भोकातून ठिणगी पुढे जास्त जाईल. पण बार झाला की आग मागेही तेवढीच जास्त येईल. घोडा उचलला जाईल, टोपीचे तुकडे उडतील. नेमबाजाचा डोळा तिथून वीतभरावर असतो."

"बावीस वर्षं भोकं बघताय, आणि आता भोकाला घाबरता?" मालक हसले. आणखी चौघे हसले. हसणं हाही त्यांच्या नोकरीचा भाग होता.

"मला चार दिवस द्या. बंदूक का पेटत नाही ते आधी शोधतो."

"शोधा की. तोवर भोकं पडू देत."

भोकं मी पाडली. ड्रिलच्या मशीनवर मीच होतो. साठ निपल दीड दिवसात. एकही ड्रिल मोडलं नाही, एकही भोक तिरकं गेलं नाही, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. दाजी माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले.

"किती झाली?"

"एकेचाळीस."

"एकही ड्रिल मोडलं नाही?"

"नाही, दाजी."

"मोडायला हवं होतं," ते म्हणाले आणि गेले.

परत आलेल्या दहांपैकी एक रायफल त्यांनी मागून उघडली. ठिणगीच्या वाटेत काळी, ओली पेस्ट भरलेली होती. तेल आणि काजळी. दारू कोरडी असेल तरी या चिखलातून ठिणगी जाणार कशी? पण तेल तिथे आलं कसं, हे त्यांना कळेना. कारण प्रत्येक रायफल तपासूनच बाहेर पडायची. तपासणी अशी: रिकाम्या बंदुकीला टोपी लावायची, नळीच्या तोंडाशी कापसाचा पुंजका धरायचा, चाप ओढायचा. कापूस उडाला म्हणजे वाट मोकळी. मग नळीत तेलाचा बोळा फिरवायचा, म्हणजे गंज चढत नाही, आणि रॅकमध्ये ठेवायची. दहाही रायफलींचा कापूस उडालेला होता. वहीत तशी नोंद होती.

रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. दाजी ताटाकडे न बघता घास भरत होते. ताई म्हणाली, "जेवताय की दारू ठासताय? हळू." ताई माझ्याकडे वळली. "आणि तू रे, साठ भोकांचे सरदार? जेवण गोड लागतंय ना?" मी मान खाली घातली. तिला सगळं माहीत होतं. दाजी घरी काही लपवत नसत.

जेवण झाल्यावर ती शिलाई मशीनवर बसली. ती लोकांचे कपडे शिवायची. मशीनला तेल घातलं, आणि एक चिंधी घेऊन तिच्यावर उगाचच चार-पाच टिपा मारल्या. मग पांढरं कापड हातात घेतलं.

दाजींनी विचारलं, "ती चिंधी कशाला?"

"तेल घातलं की आधी चिंधी. नाहीतर खालून तेल येतं आणि गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग पडतो. पंचवीस वर्षं बघताय, आज विचारताय?"

दाजी उठून उभे राहिले. "आम्ही चिंधी आधी शिवतो," ते म्हणाले. "आणि तेल नंतर घालतो."

एवढंच होतं. कारखान्यात कापूस उडवायचे तेलाच्या आधी. मग तेल घालायचे, मग रायफल दस्त्यावर उभी. तेल आठवडाभर नळीतून खाली उतरायचं आणि त्या दोन पेरांच्या वाटेत जाऊन बसायचं. जुन्या आडव्या खुंट्यांवर ते जागच्या जागी राहायचं, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. जावईबापूंनी बंदुका उभ्या केल्या आणि तिथून रोग लागला.

सोमवारी दाजींनी नमुन्याच्या दोन रायफली घेतल्या. निपल जुन्याच मापाचे. दोन्हींची वाट साफ केली, दोन्हींत मोजून सारखं तेल. एक रॅकमध्ये दस्त्यावर, दुसरी तोंड खाली करून टांगलेली. गुरुवारी दोन्ही भरल्या. रॅकमधली बसली. टांगलेली घोडा पडताक्षणी उडाली. मालक आणि जावई समोर होते.

"भोकाचा दोष नाही," दाजी म्हणाले. "रॅक उलटे करा, नळीचं तोंड खाली. कापूस तेलानंतर उडवा, आणि तेही एक रात्र गेल्यावर. नेमबाजालाही सांगा, भरायच्या आधी दोन टोप्या रिकाम्या वाजव. आणि ते साठ निपल फेकून द्या."

जावई म्हणाले, "एका बंदुकीवरून काय सिद्ध होतं? माझे रॅक आत्ताच बसवलेत."

मालक जावयाकडे बघत राहिले. मुलीचा संसार आणि साठ बंदुका एकाच तराजूत. म्हणाले, "भोकं मोठी झालीत ना? मग ठेवा तशीच. रॅकही राहतील, मालही जाईल. दोन्हीकडून फायदा."

बाहेर आल्यावर पॉलिशवाला म्हणाला, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला. दाजी, सोडा. आपल्याला काय करायचंय?"

"आपल्याला काय करायचंय म्हणजे?" दाजी त्याच्यावर ओरडले. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदा पाहिलं. "एखाद्या पोराचा डोळा गेल्यावर विचार, आपल्याला काय करायचंय."

त्या दिवसापासून गोष्ट सरळ होती. बंदुका गेल्या तर कुणाचा तरी डोळा जाणार. थांबवल्या तर दाजींची नोकरी जाणार. हे आम्हा तेवीस जणांना ठाऊक होतं आणि बावीस जण गप्प होते.

माल ताब्यात घ्यायला क्लबाच्या प्रशिक्षक बाई आल्या. कारखान्यामागे मातीच्या बांधासमोर चाचणीची जागा होती. जावयांनी सकाळीच दहा रायफली कोरड्या पुसून ठेवल्या होत्या. तेलाचा थेंब नाही, म्हणजे बसायचा प्रश्नच नाही. बाई पहिली रायफल उचलणार, तोच दाजी पुढे झाले. त्यांनी ती भरली, टोपी लावली आणि जावयांपुढे धरली.

"पहिला बार तुम्ही काढा."

"मी? मी नेमबाज नाही."

"नेम नकोच. समोर एवढा मोठा बांध आहे, तो आंधळ्यालाही चुकणार नाही. नुसता गाल लावा आणि चाप ओढा. चष्म्याशिवाय."

"दाजी, जागेवर जा," मालक म्हणाले.

"जातो. यांनी एक बार काढला की जातो."

जावयांचे हात पाठीमागे गेले. कुणीही त्यांना धरलं नव्हतं. हात आपोआप गेले. त्यांना कळत होतं! एवढे दिवस मला वाटायचं, माणसाला समजत नसेल. समजत होतं. स्वतःच्या गालाला लावायची वेळ आली तेव्हा सगळं समजत होतं.

बाईंनी ते हात पाहिले. "काय भानगड आहे?" त्यांनी दाजींना विचारलं.

दाजींनी बोलून दाखवलं नाही. रायफल शिकंज्यात आवळली. नेमबाजाचा डोळा जिथे येतो तिथे एका चौकटीवर कोरा पांढरा कागद ताणून लावला. चापाला दोरी बांधून सगळ्यांना मागे उभं केलं. तीन बार काढले. तिन्ही वेळा घोडा उडून मागे गेला. कागद आणून त्यांनी बाईंच्या हातात दिला. चार भोकं, दोन जळके डाग. एका भोकाच्या कडेला तांब्याचा कपचा अडकलेला होता.

बाईंनी तो नखाने काढला. "हे माझ्या मुलांच्या डोळ्यांत जाणार होतं?"

मालकांनी बोट दाखवलं. माझ्याकडे. "भोकं यानं पाडलीत, बाई. कामगाराची चूक आहे."

दीड दिवस मान मोडून केलेलं काम समोर होतं आणि मी बुटांकडे बघत होतो.

"भोकं त्यानं पाडली," दाजी म्हणाले. "पाडायला सांगितलं तुम्ही. सुचवलं यांनी. आणि साठही निपल अजून बंदुकांवर आहेत, मी सांगूनसुद्धा."

बाईंनी दहा दिवसांची मुदत दिली. ऑर्डर सोडवत नव्हती म्हणून मालकांनी मान्य केलं. दाजींनी आणि मी साठ नवे निपल केले. पाऊण मिलिमीटरच्या भोकाला घाई चालत नाही. अकरा ड्रिलं मोडली, सोळा निपल दाजींनी बाद केले. त्यातले चार मला चांगले वाटले होते. त्यांनी ते उजेडात धरून माझ्या डोळ्यापुढे आणले. "बघ. नीट बघ. बुटांकडे बघायची सवय झालीय तुला." मी बघितलं. भोक तळाशी जरा एका अंगाला गेलं होतं.

रॅक उलटे केले, तळाला तेल टिपायला दाबलेल्या लोकरीचा नमदा घातला. साठही रायफलींना तेल दिलं, रात्रभर ठेवल्या, मग कापूस उडवला. दहाव्या दिवशी बाईंसमोर साठ बार, एकही बसला नाही, एकही रेंगाळला नाही. बाईंनी दाजींशी हात मिळवला. मालकांशी नाही.

गाडी फाटकाबाहेर गेली आणि तासाभरात दाजींना चिठ्ठी मिळाली. उद्यापासून येऊ नये. कारण: उद्धट वर्तन.

फाटकावर पहारेकऱ्याला हुकूम होता, म्हणून त्याने हत्यारांची पेटी उघडून जमिनीवर पालथी केली आणि एकेक कानस यादीशी ताडून बघितली. सगळ्या कानशी दाजींच्या स्वतःच्या. दाजी उभे राहून बघत होते. पहारेकरी म्हणाला, "माफ करा, दाजी, माझाही इलाज नाही."

"तुझाही नाही," दाजी म्हणाले. "इथे कुणाचाच नाही."

पेटी मी उचलून घरी नेली. ताईने चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून ठेवली. मग मला विचारलं, "आणि तू? उद्या जाणारेस?"

"ताई, मला घर आहे."

"त्यांना धर्मशाळा आहे वाटतं?" तिचा आवाज चढला. "तुझ्या भोकांपायी घरी बसले ते. तुझं नावसुद्धा त्यांनीच वाचवलं. आणि तू त्याच फाटकातून आत जाणार, त्याच मशीनवर?"

दाजी चपला काढत होते. वर न बघता म्हणाले, "जाऊ दे त्याला. मी गेलो की महिन्याभरात तो जावई रॅक परत सरळ करील. तेल दिल्यावर कापूस उडवतात की आधी, ते बघायला तिथे कुणीतरी हवं."

ताई आत निघून गेली. दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही.

महिना लागला नाही. अठराव्या दिवशी जावईबापूंनी रॅक सरळ करायला दोन माणसं लावली. मी मशीन बंद केलं, गोदामात गेलो आणि त्या दोघांच्या हातातून पाना काढून घेतला.